भार घालून मोजा

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यात, नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या मार्गावर डोंगरकडा हे गाव आहे. परिसर केळीचा आणि उसाचा, म्हणजे बारमाही पाणी देण्याचा. शेतीपंपांना थ्री-फेज वीज वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने मिळत आली, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. त्यामुळे रात्री मोटार चालू करायला आणि दारे धरायला हातात बॅटरी घेऊन रानात जाणे इथल्या शेतकऱ्याला चुकले नाही. अशा ठिकाणी सायकलच्या डायनामोवर त्या बॅटरीतला सेल चार्ज करता येईल, ही कल्पना पुन्हा पुन्हा सुचणे अगदी स्वाभाविक आहे. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ती मांडली जाते, दुरुस्तीच्या दुकानात कोणी ती जोडून मागतो, आणि बहुतेक वेळा ती फसते. फसण्याचे प्रकारही ठरलेले आहेत. कधी चार्जिंगचे मॉड्यूल जळते, कधी त्याचा दिवा नुसता लुकलुकतो आणि सेल भरत नाही, तर कधी मीटरवर भरपूर व्होल्ट दिसूनही पुढे काहीच घडत नाही.

माझे म्हणणे असे की यातले बरेचसे बिघाड कोणत्याही एका भागात नसतात. डायनामो हा कोणत्या जातीचा वीजस्रोत आहे हे न ओळखता त्याला भिंतीवरच्या अॅडॉप्टरसारखे जोडले जाते, तिथे ते जन्मतात. म्हणून शोधाची सुरुवात मॉड्यूलपासून न करता स्रोतापासून करावी, आणि तीही भार जोडून. या मताला विरोध करणारी बाजू हाताच्या अनुभवातून आलेली आहे आणि तिच्यात बरेच तथ्य आहे. ती बाजू तितक्याच जोरकसपणे ऐकली जावी म्हणून हा विचार दोन कल्पित पात्रांच्या संवादातून मांडतो आहे. एक आहेत डोंगरकड्यात रेडिओपासून मोबाइलपर्यंत सगळे दुरुस्त करणारे वयस्क कारागीर, आणि दुसऱ्या तिथल्याच शाळेतल्या विज्ञान शिक्षिका.

कारागीर: मॅडम, तुमच्या पोरांनी आणलेला हा चार्जर मी उघडून बघितला. डायनामोच्या दोन तारा, चार डायोडचा ब्रिज, एक कपॅसिटर आणि पुढं टीपी ४०५६ चं चार्जिंग मॉड्यूल. जोडणीत चूक नाही. झाळण स्वच्छ आहे. मॉड्यूल जळलेलं आहे, ते बदललं की काम झालं. तीस-चाळीस रुपयांच्या वस्तूसाठी कागद-पेन्सिल घेऊन बसायची गरज नसते. दुरुस्तीच्या धंद्यात एक नियम कायम उपयोगी पडतो. जो भाग सगळ्यात जास्त वेळा जातो तो आधी बदला. दहातल्या आठ वेळा तेवढ्यानं गिऱ्हाईक मोकळं होतं. उरलेल्या दोन वेळा पुढचा भाग बदला. तुम्ही म्हणाल हे शास्त्र नाही, पण शेकडो वस्तू हाताखालून गेल्यावर कुठला भाग आधी जातो हे हाताला कळतं, आणि तेही ज्ञानच आहे.

शिक्षिका: ज्ञान आहेच, काका, आणि ते मला पुस्तकातून मिळणार नाही. पण तो नियम कुठे चालतो ते बघू. रेडिओ किंवा मोबाइल कारखान्यातून नीट चालत बाहेर पडलेला असतो. त्याची रचना बरोबर आहे हे आधीच सिद्ध झालेले असते, त्यामुळे तो बंद पडला तर कुठला तरी भाग गेला असाच अर्थ निघतो. हा चार्जर मात्र नीट असा कधी चाललेलाच नाही. म्हणून इथे वेगळा प्रश्न विचारायला हवा. भाग गेला, की रचनाच चुकीची आहे? तुम्ही नवे मॉड्यूल लावाल, पोरे सायकल फिरवतील, थोडा वेळ दिवा लागेल आणि तेही जळेल. हेच मॉड्यूल मोबाइलच्या अॅडॉप्टरवर महिनोन्‌महिने चालते. भाग तोच, सेल तोच, बदलला फक्त स्रोत. मग संशय आधी कोणावर घ्यायचा?

कारागीर: संशय घ्यायचा तर डायनामोवर घ्या. पण त्याच्यावर छापलेलं वाचा की, सहा व्होल्ट, तीन वॅट. या मॉड्यूलला आठ व्होल्टपर्यंत चालतं. सहा हे आठपेक्षा कमीच. उलट ब्रिजमध्ये दीडेक व्होल्ट पडतात म्हणजे मॉड्यूलपर्यंत आणखी कमी पोचतं. हिशोबानं हे जळायलाच नको. म्हणून मी म्हणतो की माल हलका आहे. बाजारात येणाऱ्या या मॉड्यूलमध्ये एका गठ्ठ्यातली दोन-चार खराब निघतातच.

शिक्षिका: हलका माल असतो, नाही म्हणत नाही. पण डायनामोवर छापलेला आकडा नीट वाचू. अॅडॉप्टरवर पाच व्होल्ट लिहिले असेल तर काही जोडा किंवा न जोडा, तिथे पाचच्या आसपास मिळणार, ही त्याची हमी आहे. डायनामोवरच्या सहा व्होल्टला एक अट चिकटलेली आहे. सायकल ताशी साधारण १५ किलोमीटरने चालत असावी आणि पुढे सुमारे १२ ओहमचा भार असावा, म्हणजे त्याच्यासाठीच बनवलेला दिवा. सहा व्होल्टना १२ ओहमने भागले की अर्धा अँपिअर, आणि सहा गुणिले अर्धा म्हणजे तीन वॅट. भार काढून घेतला की हे सहा व्होल्ट उरत नाहीत. त्याच वेगात डायनामोच्या टोकांवरचे व्होल्ट वीसच्या वर जाऊ शकतात आणि उताराला सायकल सुटली तर आणखी चढतात. डायनामो ज्याच्याशी खरोखर इमान राखतो तो प्रवाह आहे, अर्धा अँपिअर. व्होल्टेज किती होणार हे पुढे काय जोडले आहे त्यावर ठरते.

याचे कारण त्याच्या गुंडाळीत आहे. फिरत्या चुंबकामुळे तारेत वीज निर्माण होते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. चुंबक दुप्पट वेगाने फिरला की निर्माण होणारा दाबही दुप्पट होतो. पण त्याच वेळी प्रवाहाची दिशा दुप्पट वेळा बदलू लागते, आणि दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला गुंडाळी स्वतःच जो विरोध करते तोही जवळपास दुप्पट होतो. ढकलणारा जोर आणि अडवणारा विरोध असे बरोबरीने वाढल्यामुळे प्रवाह अर्ध्या अँपिअरजवळ येऊन थांबतो. म्हणूनच उताराला दिवा जळत नाही, नाहीतर प्रत्येक उतारावर बल्ब गेला असता. जुन्या सायकलींना पुढे आणि मागे असे दोन दिवे असत, त्यांचेही बघा. पुढचा बल्ब २.४ वॅटचा, मागचा ०.६ वॅटचा. पुढचा गेला की थोड्याच अंतरात मागचाही जाई. घरातल्या विजेवर असे कधी होत नाही, एका खोलीतला बल्ब गेला म्हणून दुसऱ्या खोलीतला जात नाही. डायनामोवर होते, कारण पुढच्या बल्बचा सगळा प्रवाह मग त्या बिचाऱ्या मागच्या बल्बमधूनच जायला बघतो.

कारागीर: हे दोन बल्बचं खरं आहे. जुनी माणसं म्हणायची, एक गेला की दुसरा लगेच बदलून ठेवा. पण मग माझा मुद्दा तसाच राहतो की. सेल चार्ज होत असतो तेव्हा तोच भार आहे ना? प्रवाह त्याच्यात जातो, व्होल्टेज दाबून राहतं. मग मॉड्यूल जळतं कधी?

शिक्षिका: काम पूर्ण होते तेव्हा. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टला भरतो, मॉड्यूल ते ओळखते आणि चार्जिंग थांबवते. अॅडॉप्टरवर हा शहाणपणा आहे. डायनामोवर नेमका हाच क्षण घातक, कारण मॉड्यूल थांबले म्हणजे भार सुटला, भार सुटला म्हणजे व्होल्टेज उसळले, आणि आठ व्होल्टची मर्यादा असलेल्या चिपवर वीस-पंचवीस व्होल्ट येऊन आदळले. सेल काढून नुसती सायकल फिरवली तरी तेच. कपॅसिटर १६ व्होल्टचा असेल तर तोही फुगतो. मग पोरे दुकानात येऊन सांगतात की चार्जर चांगला चालला होता, अचानक गेला. ते खरेच सांगत असतात. मॉड्यूल बदलत राहणाऱ्याला ही साखळी कधी दिसणार नाही, कारण त्याच्या टेबलावर अॅडॉप्टर असतो आणि अॅडॉप्टरवर प्रत्येक नवे मॉड्यूल पास होते.

कारागीर: फवारणीच्या एचटीपी पंपासारखं झालं हे. गन बंद केली तरी पंप ढकलतच राहतो, म्हणून त्याला बायपास असतो आणि औषध परत ड्रममध्ये जातं. बायपास अडकला तर नळी फुटते, आणि नळी बदलून काही होत नाही. पण मॅडम, वीज म्हणजे पाणी नाही. इथं तसा बायपास द्यायचा म्हणजे डायनामोच्या दोन तारा जवळपास एकमेकींना टेकवायच्या. कुठलीही वीज शॉर्ट केली की काहीतरी जळतं, हे मी पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो. ते आता चुकीचं म्हणायचं का?

शिक्षिका: घरातल्या विजेला आणि बॅटरीला ते शंभर टक्के खरे आहे आणि ते शिकवत राहा. त्या दोघांच्या मागे प्रवाह अडवणारे काही नसते. डायनामोत मात्र अडवणारी गोष्ट आतच बसवलेली आहे. त्याच्या दोन तारा जोडल्या तरी प्रवाह अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो, टोकांवर व्होल्टेज नसल्यामुळे बाहेर काही शक्ती जात नाही, आणि गुंडाळीत थोडी उष्णता होते तेवढीच. म्हणजे या स्रोतापुरता धोका उलटा आहे. शॉर्ट निरुपद्रवी, उघडे टोक घातक. तुम्ही सांगितलेला बायपास इथे झेनर डायोडने देता येतो. ब्रिजच्या बाहेर, मॉड्यूलच्या आधी, ६.२ व्होल्टचा आणि पाच वॅटचा झेनर आडवा लावायचा. मॉड्यूल प्रवाह घेत असेल तोवर तो जवळपास गप्प राहतो. मॉड्यूल थांबले की सगळा अर्धा अँपिअर त्याच्यातून जातो, सुमारे तीन वॅट उष्णता होते आणि व्होल्टेज साडेसहाच्या आसपास अडकून राहते. अर्ध्या वॅटचा झेनर लावला तर तो स्वतःच जाईल, त्यामुळे वॅट बघूनच घ्यायचा आणि पाय लांब ठेवून, हवा लागेल असा बसवायचा. आणि ब्रिज व झेनरच्या मध्ये स्विच किंवा प्लग कधीही येऊ द्यायचा नाही, कारण ते सुटले की संरक्षणच सुटले.

कारागीर: जळण्याचं समजलं. आता लुकलुकण्याचं सांगा. पोरं चाक हातानं फिरवतात तेव्हा मॉड्यूलचा लाल दिवा लागतो-विझतो, लागतो-विझतो. मी मीटर लावून बघितला, डायनामो पंधरा व्होल्ट दाखवतो. पंधरा व्होल्ट असताना पाच व्होल्टचं मॉड्यूल चालत नाही म्हणजे मॉड्यूलच नादुरुस्त, दुसरं काय?

शिक्षिका: ते पंधरा व्होल्ट तुम्ही मॉड्यूल काढून मोजले ना? मग तो आकडा खरा असूनही आपल्या प्रश्नाचे उत्तर देत नाही. मीटर जवळपास काहीच प्रवाह घेत नाही, म्हणजे तुम्ही उघड्या डायनामोचे व्होल्टेज मोजले, आणि हळू फिरणारा, चुंबक कमजोर झालेला डायनामोसुद्धा उघड्यावर असे व्होल्ट दाखवू शकतो. मॉड्यूल जोडून मोजा. बाजारातून आलेल्या टीपी ४०५६ वर १.२ किलो-ओहमचा एक रोध असतो, तो चार्जिंगचा प्रवाह एक अँपिअर ठरवतो. आपल्याकडे आहे अर्धा, आणि हळू फिरवताना तोही नाही. मॉड्यूल एक अँपिअर मागते, डायनामोचे व्होल्टेज कोसळते, सेलच्या व्होल्टेजजवळ आले की मॉड्यूल बंद होते, बंद होताच भार सुटतो, व्होल्टेज पुन्हा उसळते, मॉड्यूल पुन्हा जागे होते. दिवा लुकलुकतो तो या भांडणामुळे. भाग सगळे धडधाकट आहेत. त्या रोधाच्या जागी तीन किलो-ओहम लावला की मागणी ४०० मिलिअँपिअरवर येते, चार किलो-ओहमला ३००. मागणी स्रोताच्या आवाक्यात आली की दिवा स्थिर होतो.

मोबाइल थेट जोडणाऱ्यांची अडचणही याच वंशातली. पाच व्होल्टचा ७८०५ रेग्युलेटर लावला तर त्याला आत सात व्होल्ट तरी लागतात, त्याआधी १एन४००७ डायोडच्या ब्रिजमध्ये दीड व्होल्टच्या वर गेलेले असतात, त्यामुळे सावकाश चालवताना चार्जिंग सुरूच होत नाही. आणि त्याच रेग्युलेटरची वरची मर्यादा ३५ व्होल्ट, जी भार सुटलेल्या डायनामोला उतारावर ओलांडता येते. नोकियाने २०१० मध्ये सायकलवर चालणारा मोबाइल चार्जर काढला तेव्हा तो ताशी ६ किलोमीटरला सुरू होतो आणि ५० च्या वर बंद होतो असे कंपनीने सांगितले होते. अॅडॉप्टरला कोणी असा खालचा आणि वरचा वेग लिहीत नाही. डायनामोसाठी बनवलेल्या वस्तूला तो ठरवावाच लागतो.

कारागीर: आता माझी बाजू ऐका. तुम्ही मीटर-मीटर म्हणता, पण आमच्याकडं असतो तो डीटी-८३० जातीचा साधा मीटर. पोरं तो डीसीवर ठेवून डायनामो मोजतात आणि शून्य दिसलं की डायनामो मेला म्हणतात. एसीवर ठेवला तर खालची रेंजच २०० व्होल्टची, त्यात दोन-चार व्होल्टचा फरक कोण धरून बसणार? मी काय करतो सांगू? सहा व्होल्ट तीन वॅटचा बल्ब दोन तारांना झाळून ठेवलेला आहे. तो डायनामोला लावायचा आणि चाक फिरवायचं. पांढरा उजेड पडला तर डायनामो चांगला. तांबडा पडला तर कमजोर. फिरता फिरता विझला तर कुठंतरी तार सुटते आहे. मीटर न वाचता अर्ध्या मिनिटात कळतं. आणि भाग बदलून बघणं म्हणजे अंदाज नव्हे. माझ्याकडं एक ब्रिज आणि एक मॉड्यूल पक्कं चालणारं ठेवलेलं असतं. ते लावून बघितलं की जुना भाग दोषी की निर्दोष हे सरळ कळतं.

शिक्षिका: काका, तुमचा बल्ब म्हणजे माझ्या सगळ्या म्हणण्याचा सारांश आहे. तो भार आहे, आणि तोही या डायनामोला जुळणारा भार. उघड्या टोकावर लावलेल्या महागड्या मीटरपेक्षा तो जास्त खरे सांगतो. भाग बदलून बघणेही मला मान्य आहे, फक्त प्रत्येक बदलामागे प्रश्न ठरलेला असावा. पक्के मॉड्यूल लावले आणि चालले नाही तर त्यातून एवढेच सिद्ध होते की दोष मॉड्यूलच्या मागे आहे. तिथे थांबून मागे जायचे. तिसरे मॉड्यूल काढायचे नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी टायर आणि डायनामोचे चाक, मग तार आणि सांगाडा, मग बल्ब लावून डायनामो, मग ब्रिज, झेनर, मॉड्यूल, आणि शेवटी सेल. वीज ज्या वाटेने जाते त्याच वाटेने आपण चालायचे आणि प्रत्येक मुक्कामावर भार ठेवून विचारायचे, इथपर्यंत आली का?

या वाटेवरचे पहिले दोन मुक्काम तर विजेचेही नाहीत. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल टायरला बसला की डायनामोचे चाक घसरते. त्याची स्प्रिंग ढिली असेल किंवा तो चाकाच्या आसाच्या रोखाने बसवलेला नसेल तरी तेच. मग तुम्ही कितीही मॉड्यूल बदला. दुसरा मुक्काम सांगाड्याचा. या डायनामोला वेगळी अशी एकच तार असते, दुसरी वाट सायकलच्या लोखंडातून जाते. क्लॅम्पचा टोकदार स्क्रू रंगाला भेदून लोखंडाला टेकलेला नसेल किंवा तिथे गंज असेल तर वाट तुटली. आणि पोरांच्या या चार्जरमध्ये आणखी एक लपलेली चूक आहे. ब्रिजच्या एका एसी टोकाला सांगाडा जोडलेला आहे, आणि डीसीची वजा तार पत्र्याच्या डब्याला, जो पुन्हा सांगाड्यालाच घट्ट बसवला आहे. म्हणजे ब्रिजमधला एक डायोड सांगाड्यातूनच शॉर्ट झाला आणि प्रत्येक आवर्तनाची एक बाजू वाया गेली. दुसरा स्रोत असता तर धूर निघाला असता आणि चूक लगेच सापडली असती. डायनामो शॉर्ट सहन करतो म्हणून काही जळत नाही, नुसता प्रवाह अर्ध्यावर येतो. अशी चूक भाग बदलून कधीच सापडत नाही, कारण खराब झालेला भागच नाही.

कारागीर: ही चूक मी धरली नव्हती, मान्य. पण शेवटचं विचारतो, आणि हेच सगळ्यात मोठं आहे. हे करायचं कशाला? मानव विकास कार्यक्रमातून मुलींना ज्या सायकली मिळतात त्यांना बहुतेक डायनामो नसतोच. बाजारात सोलरची बॅटरी मिळते, पॉवर बँक मिळते. डायनामोवर मोबाइल भरायला किती तास सायकल मारायची? पोरांचा वेळ आणि माझं झाळण दोन्ही वाया.

शिक्षिका: हिशोब लपवायला नको. आजच्या मोबाइलमध्ये पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी असते, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. आपला चार्जर सेलमध्ये दीड वॅटच्या आसपास टाकतो. मोबाइल भरायला बारा तासांहून जास्त सायकल मारावी लागेल, म्हणून त्यासाठी हा चार्जर नकोच. पण पाच किलोमीटरवरच्या शाळेत जाऊन परत यायला चाळीस मिनिटे लागत असतील तर रोज एक वॅट-तास जमा होतो, आणि अर्ध्या वॅटची एलईडी बॅटरी त्यावर दोन तास चालते. रात्री मोटार चालू करून परत यायला तेवढा उजेड पुरतो. दहा वॅटच्या सोलर पॅनेलपुढे हे फार थोडे आहे, हेही मी पोरांना सांगेन.

पण सोलरचे नाव काढलेत म्हणून सांगते. सोलर पॅनेल अॅडॉप्टरच्या कुळातले नाही, बरेचसे डायनामोच्याच कुळातले आहे. ऊन ठरवते तो प्रवाह, आणि जास्त मागितले की व्होल्टेज कोसळते. दोन तारा टेकवल्या तरी पॅनेलही एका मर्यादेपलीकडे प्रवाह देत नाही. ढगाळ दिवशी उघड्या पॅनेलवर मीटर लावून वीस व्होल्ट दिसतात, आणि भार जोडताच तीन-चारही राहत नाहीत. डायनामोपेक्षा ते एका बाबतीत सोपे आहे. बारा व्होल्टच्या पॅनेलचे उघडे व्होल्टेज २१-२२ च्या आसपास थांबते, डायनामोसारखे वेगाबरोबर चढत नाही. आता बघा, २०१७ पासून राज्याची सौर कृषी वाहिनी योजना आहे, २०१९ पासून केंद्राची कुसुम योजना आहे, शेतातले पंप पॅनेलवर चालू लागले आहेत. उद्या पंप बंद पडला की शेतकरी तुमच्याकडेच विचारायला येणार. तेव्हा उघड्या पॅनेलचे व्होल्ट मोजून पॅनेल चांगले आहे म्हणून सांगणारा कारागीर चुकेल, आणि भार घालून मोजणारा बरोबर ठरेल. तीन वॅटच्या डायनामोवर हे शिकायला धोका नाही, शेकडो व्होल्टच्या पॅनेलच्या रांगेवर पहिल्यांदा शिकायला मोठा आहे.

कारागीर: मग एक करू, मॅडम. पोरांना दुकानात पाठवा, पण मॉड्यूल घेऊन नको, सायकल घेऊन. आधी बल्ब लावतील, मग पुढं जातील.

संवाद इथे थांबवतो, पण एका आक्षेपाला उत्तर देणे बाकी आहे. कोणी म्हणेल की या सगळ्यात कारागिराची हार झाली आणि पुस्तकाची जीत झाली. तसे घडलेले नाही. योग्य भार म्हणून बल्ब वापरणे ही कल्पना कारागिराची होती, आणि बायपासची उपमाही त्याच्याच रोजच्या पाहण्यातून आली. शिक्षिकेने त्यात घातला तो प्रश्नांचा क्रम आणि स्रोताच्या स्वभावाची जाण. दोन्ही एकत्र नसतील तर काय होते ते आपण दोन्हीकडे पाहतो. नुसत्या अनुभवाने मॉड्यूलमागून मॉड्यूल जळते, आणि नुसत्या पुस्तकाने उघड्या टोकावरचा सुंदर आकडा वहीत उतरतो. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळ येथे विज्ञान आश्रम सुरू केला तो हात आणि डोके यांची ही फारकत मिटावी म्हणूनच. गावाची खरी कामे हाच अभ्यासक्रम, ही त्यांची भूमिका होती. डायनामोवरचा चार्जर हे अशा अभ्यासक्रमातले उत्तम प्रकरण आहे, कारण तो स्वस्त आहे, त्याचा शॉर्ट कोणाला इजा करत नाही, आणि त्याच्यातल्या चुका धुराने नव्हे तर विचारानेच सापडतात. लिथियम सेलची काळजी मात्र वेगळी घ्यावी लागते. संरक्षण नसलेला, फुगलेला किंवा जुन्या लॅपटॉपमधून काढलेला संशयास्पद सेल मुलांच्या हाती देऊ नये. सुरुवातीला निकेल-मेटल हायड्राइडचे चार पेन्सिल सेल घेतले तरी शिकायचे ते बरेचसे शिकता येते.

म्हणून विज्ञान प्रदर्शनातल्या परीक्षकांकडे माझी मागणी आहे. सायकलच्या डायनामोवर चालणारे कोणतेही उपकरण समोर आले की दिवा लागला एवढ्यावर गुण देऊ नयेत. चाक फिरत असताना सेल काढायला सांगावा आणि मॉड्यूल शाबूत राहते का ते पाहावे, मग सेल पुन्हा जोडून सावकाश फिरवायला सांगावे आणि दिवा स्थिर राहतो का ते पाहावे. या दोन कसोट्यांना पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळही लागत नाही. ज्या मुलाला त्या कसोट्यांचे कारण सांगता येईल, त्याला डायनामो समजला आहे. पुढे शेतातल्या पंपाचे पॅनेल असो वा गावातला इन्व्हर्टर, कुठलीही नादुरुस्त वस्तू समोर आली की पहिला भाग उचकटण्याआधी तो स्रोताकडे जाईल आणि भार जोडून विचारेल. डोंगरकड्यासारख्या गावात दुरुस्तीचे काम पुढच्या पिढीच्या हाती जाते आहे. तिला ही सवय शाळेतच लागायला हवी.